पानी कुठं सोडनार?

कोणाच्या नव्या घरी गेले की यजमान दार उघडून उभे असतात आणि मी मान वर करून बघत असते. त्यांना वाटतं, बाई घराचं कौतुक करताहेत. मी बघत असते वळचणीकडे. छपरावरचं पाणी कुठे गोळा होतं, कुठल्या कोपऱ्यातून उतरतं आणि शेवटी कोणाच्या दारात जातं, हे कळल्याशिवाय माझा पाय आत पडत नाही. माझ्या स्वतःच्या खोडी पुष्कळ आहेत, पण ही त्यांतली नाही. ही मला दगूनानांनी लावली.

दगूनाना पत्र्याचं काम करायचे. भद्रकालीतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे बसायला एक फळी, पुढ्यात कोळशाची शेगडी आणि डोक्यावर टांगलेला पसारा: बादल्या, चाळण्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या. पण त्यांचं खरं काम पन्हळीचं. छपराच्या कडेला पत्र्याची नाली लावतात आणि तिच्यातलं पाणी पाइपातून खाली सोडतात, ती पन्हळ. त्या काळी नाशकातल्या जुन्या-नव्या कितीतरी छपरांना दगूनानांची पन्हळ होती आणि ती त्यांना एकूण एक पाठ होती.

मी तेव्हा सातपूरकडच्या कामगार वस्तीतल्या एका लहान शाळेची मुख्याध्यापिका होते. मुख्याध्यापिका म्हणजे वर्गही घ्यायचा आणि बोलणीही खायची. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. एका ओळीत पाच खोल्या, वर पत्रे, पुढे चिंचोळा व्हरांडा. जुलै लागला की पत्र्यावरचं सगळं पाणी व्हरांड्याच्या कडेला धो धो पडायचं. पोरं वर्गात शिरताना हमखास भिजायची आणि चपला वाहून जायच्या. एक चप्पल गेली की दुसरी काय कामाची, म्हणून पोरं दुसरीही सोडून द्यायची आणि त्यांच्या आया माझ्या नावाने बोटं मोडायच्या. शेवटी संस्थेच्या अध्यक्षांनी पन्हळ मंजूर केली आणि मी दगूनानांच्या दुकानात गेले.

मी पाच खोल्यांची लांबी कागदावर लिहून नेली होती. नानांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातली मोगरी, म्हणजे पत्रा ठोकायचा लाकडी हातोडा, खाली ठेवून विचारलं, "पानी कुठं सोडनार?"

"म्हणजे काय? खाली."

"खाली कुनाच्या?"

मुलांना उत्तर येत नसलं की मी जशी बघते, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"उद्या येतो बघायला. पाहिल्याबिगर मी पत्र्याला कातर लावत नाय."

निघताना माझं लक्ष वर गेलं. आढ्याला गोणपाटात गुंडाळून तीन लांब तुकडे बांधून ठेवले होते. गोणपाटाबाहेर डोकावणारी कड एकसारखी वळवलेली. पन्हळच होती. मी म्हटलं, "नाना, ही तयार आहे ना? हीच लावून टाका की."

"ती नाय द्यायची," ते म्हणाले आणि मोगरी उचलली.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून आले. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, सदऱ्याची कोपरं शेगडीच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली. मला वाटलं, छप्पर मोजतील. ते जमीनच बघत फिरले. शाळेला वळसा घातला, मागच्या कोपऱ्यात उकिडवे बसले, मातीत बोटाने रेघ ओढली. तिथून चार हातांवर एका बाईंचं घर होतं. एकट्या राहायच्या, कारखान्यातल्या पोरांना डबे द्यायच्या. नाना उठले, त्या घराच्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले.

अध्यक्षांचं म्हणणं, पाणी मागच्या कोपऱ्यात सोडा. पाइप कमी लागेल, चर खणायला नको.

"नाय जमायचं," नाना म्हणाले. "पानी त्या माउलीच्या भिंतीशी जाईल."

"अहो, पावसाचं पाणी आहे, कुठेतरी जाणारच!"

"कुठंतरी म्हंजे कुनाकडं तरी. तिकडंच सोडायचं आसल तर दुसऱ्या कुनाकडून करून घ्या साहेब, मी चाललो."

आणि सायकलला पाय लावून खरंच निघाले. मी फाटकापर्यंत धावले. अध्यक्षांची समजूत घालायला मला तीन दिवस लागले. शेवटी पाणी पुढच्या बाजूने मैदानाच्या कडेच्या नाल्यात न्यायचं ठरलं.

ते पाच दिवस माझ्या शाळेत शिकवणं कमी आणि बघणं जास्त झालं. नाना पत्र्याची कड दुमडून घडी घालायचे, मोगरीने हलके हलके बसवायचे, मग सांध्यावर नवसागर चोळून तापल्या हत्याराने कथलाचा डाग द्यायचे. काम करताना तोंडाने हिशेब केल्यासारखं पुटपुटायचे, पण ऐकायला गेलं तर ते पन्हळीशीच बोलत असायचे: "चल बाई. हितून खाली. हां. आता थांबायचं नाय." पन्हळ लावून झाल्यावर अध्यक्षांनी लांबून पाहिलं आणि नाक मुरडलं. एक टोक वर, एक खाली, पन्हळ तिरकी दिसत होती.

"ढाळ हाय तो," नाना म्हणाले. "सरळ टांगली तर ती पन्हळ नाय राहत साहेब, हौद होतो. मग डास पाळा."

आणि मग ती परीक्षा झाली. नानांच्या खिशात कायम मुरमुरे असायचे. मला वाटायचं, खायला ठेवत असतील. ते शिडीवर चढले, पन्हळीच्या उंच टोकाला एकच मुरमुरा ठेवला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि झटकन खाली उतरून पन्हळीखालून चालत निघाले, आतला मुरमुरा दिसत असल्यासारखे, त्याच्याच चालीने. शेवटच्या पाइपाशी सगळी शाळा गोळा झाली होती.

"आला का?"

"नाही आला!"

"आता?"

"आला! आला!" पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. एका पोराने तो ओला मुरमुरा उचलून तोंडात टाकला म्हणून दुसऱ्याने त्याला बदडला. पत्र्यावर आणखी चार तांबे ओतून प्रत्येक वर्गाचा एकेक मुरमुरा सोडावा लागला, तेव्हा कुठे मला मुलं आत नेता आली.

नानांची आणखी एक तऱ्हा होती. मुसळधार पाऊस लागला, गाव घरात बसलं, की हे दुकानाला कुलूप लावून बाहेर पडायचे. अंगावर खताच्या पोत्याची खोळ आणि सायकल हातात धरून चालत. आपण लावलेल्या पन्हळी बघत हिंडायचे. पहिल्याच वर्षी भर पावसात ते शाळेच्या फाटकात उभे दिसले. मी व्हरांड्यातून ओरडले, "नाना, आत या, चहा घ्या!"

"चहा घरी बी मिळतो. पानी पाहू राहिलो."

ते पाइपाशी गेले, वाकून पाहिलं. मग शाळेमागे गेले. मी छत्री घेऊन मागोमाग. डबेवाल्या बाईंच्या भिंतीवर त्यांनी पुन्हा तळहात टेकवला होता. डोळे मिटलेले. तोंडावरून पाणी निथळतंय. भिंतीवर एक थेंब आपला नाही, एवढी खात्री करून घ्यायला हा माणूस चार मैल भिजत आला होता. मला तेव्हा हसू आलं. हसले म्हणून आज माझी मलाच लाज वाटते.

पुढे ओळख वाढली. दर दिवाळीत मी भद्रकालीत गेले की त्यांच्या फळीवर पाच मिनिटं टेकायची. गंगापूर रोडच्या एका बंगलेवाल्याला त्यांनी कसं परत पाठवलं, हे सांगताना ते खुलायचे. त्या गृहस्थांना पन्हळ दिसायला नको होती आणि पाइप तर त्याहून नको होता. "मी म्हनलं, साहेब, पन्हळ दिसायला नको, पाइप दिसायला नको, मंग पावसालाच सांगा की दिसू नको!" स्वतःच्या विनोदावर ते आवाज न करता हसायचे, नुसते खांदे हलायचे. पण आढ्याच्या त्या तीन तुकड्यांचा विषय काढला की खांदे थांबायचे.

एका दिवाळीत माझ्याच्याने राहवलं नाही. मी थट्टेने विचारलं, "नाना, सगळ्या नाशिकच्या भिंती तुमच्या सासऱ्याच्या आहेत का हो? एवढी कसली काळजी?"

ते डाग देत होते. हातातलं हत्यार तसंच धरून राहिले. ते निवलं, तरी त्यांनी ते परत शेगडीत घातलं नाही.

त्यांचं गाव सिन्नरपासून जवळ. आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून या दोघांची नावं दगू आणि कचरू. दगड आणि कचरा कोण नेणार, या हिशेबाने दोघं जगले. कचरू दोन वर्षांनी धाकटा. वडिलांमागे घराचे मधोमध दोन भाग झाले, भांडणतंटा न होता. नाना नाशकात पत्र्याचं काम शिकून नुकते परतले होते. शिकलेल्या कामाची घमेंड होती. त्यांनी पहिली पन्हळ लावली ती स्वतःच्या घराला.

"लय झकास ढाळ दिला व्हता बाई. आपल्या दारात चिखल नको म्हनून सगळं पानी पार टोकाला नेलं. टोक कुठं, तर कचरूच्या भिंतीशी. माझ्या डोक्यातच आलं नाय. मी पन्हळीकडं बघू राहिलो व्हतो, भुईकडं नाय."

भिंत मातीची. पावसाळाभर पाणी पीत राहिली आणि श्रावणात एका दुपारी बसली. कचरूभाऊंची बायको भागाबाई आत पाखडत होती. जीव वाचला, पण पाय चिरडला. तेव्हापासून ती लंगडते.

"भाऊ भांडले असतील," मी म्हटलं.

"भांडला आसता तर बरं झालं आसतं. त्यानं वर पाहिलं, आन् येवढंच बोलला, 'दगू, पन्हळ लय चांगली झाली तुझी. एक थेंब तुझ्या दारात पडला नाय.' ते शेवटचं बोलला."

नानांनी त्याच दिवशी ती पन्हळ उपटून उकिरड्यावर फेकली, आपल्या अर्ध्या घराला कुलूप लावलं आणि नाशिकला आले. त्यानंतर दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी जायचे. भावाच्या ओट्यावर बसायचे. भागाबाई चहा द्यायची. कचरूभाऊ समोर बसून राहायचे, पण शब्द नाही. नाना मान खाली घालून म्हणायचे, "तुझ्या घराला पन्हळ लावून देऊ दे." चहा संपला की उठायचे.

"ती वरची त्याचीच," आढ्याकडे न बघता ते म्हणाले. "बावीस फूट. करून ठिवली. हात चालत्यात तोवर लावून झाली पाह्यजे, येवढंच."

मी शिक्षिका. बोलायला कधी कमी पडत नाही. त्या दिवशी मात्र एक नरसाळं विकत घेतलं आणि घरी आले. ते अजून आहे माझ्याकडे.

वर्षं गेली. बाजारात प्लॅस्टिकचे पाइप आले, स्लॅबची घरं वाढली, पन्हळ कोणी मागेना. कोठ्या जाऊन प्लॅस्टिकचे डबे आले. नानांची बायको गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग हाताला कंप सुटला. डाग द्यायला गेले की थेंब सांध्याच्या बाजूला पडायचा. ते तो खरवडून काढायचे, पुन्हा द्यायचे, पुन्हा बाजूला. मी गेले की हात मांडीखाली घालून बसायचे. आढ्याचे तीन तुकडे तिथेच होते. दर वर्षी त्यांचं गोणपाट तेवढं बदललेलं असायचं.

मग एका उन्हाळ्यात, दोन हजार सालानंतरच्या, नाना शाळेत आले. सायकल नव्हती, रिक्षाने आले होते. पोरं सुट्टीवर, मी निकालपत्रकं लिहीत होते. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "कचरूचा निरोप आला."

झालं होतं असं. कचरूभाऊंच्या मुलाने, सोमनाथने, आदल्या वर्षी कांदे ठेवायला पत्र्याची शेड बांधली. तिचं पाणी त्याने सोडलं नानांच्या कुलूपबंद अर्ध्या घराकडे. तिथे राहतंय कोण? पावसाळाभर पाणी पडलं. नानांची भिंत खालून फुगली, माती सुटायला लागली. कचरूभाऊ रोज बघत होते. आणि आता त्यांनी सोमनाथकडूनच सांगावा धाडला होता: 'दगूला म्हणावं, पानी कुठं सोडायचं ते येऊन सांग.'

"बाई, तुम्ही चला," नाना म्हणाले. "कुनीतरी पाह्यला पाह्यजे."

मीच का, हे मी विचारलं नाही. रविवारी नाना तीन तुकडे टेम्पोत घालून पुढे गेले. मी एसटीने सिन्नर आणि तिथून जीपने गावात पोचले, तोवर शिडी लागली होती. शिडीवर सोमनाथ, खाली नाना, आणि ओट्यावर पाय दुमडून बसलेले कचरूभाऊ. तोच उंच बांधा, तीच टोपी. भागाबाईने मला लंगडत येऊन पाणी दिलं.

आधी कचरूभाऊंच्या घराची पन्हळ, मग शेडचं पाणी, असं नानांनी ठरवलं होतं. घराचा ढाळ ते उलटा देत होते, स्वतःच्या बाजूला. सोमनाथला सांगत होते, "पानी माझ्या अंगनात सोडायचं."

"का?" ओट्यावरून आवाज आला. "तुझी भिंत काय लोखंडाची हाय?"

चाळीसेक वर्षांनी तो माणूस भावाशी बोलला होता आणि तोही खेकसून. नाना त्याच्याकडे न बघता पुटपुटले, "मंग कुठं?"

"कुनाच्याच दारात नाय. मधून चर घे आन् रस्त्यापल्याड चिंचंखाली सोड."

नानांनी मान हलवली. तुकडे वर चढले. पहिला, दुसरा, तिसरा. आणि तिसरा तुकडा लावल्यावर पन्हळ हातभर कमी पडली.

नाना बघतच राहिले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पाहिल्याशिवाय पत्र्याला कातर लावली नव्हती, त्याने ही एकच पन्हळ आठवणीवरून कापली होती. "बावीस फूट," ते म्हणत होते. "बावीसच व्हतं. मी जन्मलो या घरात."

"पडलेली भिंत बांधताना हातभर बाहेर घेतली," कचरूभाऊ म्हणाले. "दर आखाजीला येऊ राहिला, दिसली नाय व्हय?"

दिसणार कशी? इतकी वर्षं नाना त्या ओट्यावर मान खाली घालूनच बसले होते. नव्या भिंतीकडे त्यांनी एकदाही डोळा वर करून पाहिलं नव्हतं. आता ते मटकन खाली बसले. थरथरणारे दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले. जवळ पत्रा नव्हता, सिन्नरचा बाजार बंद, आणि मला वाटलं, हा माणूस आता रडेल आणि मीही.

कचरूभाऊ उठले. घरामागे गेले. परत आले तेव्हा हातात पत्र्याची एक लांबट नाली होती. गंजलेली, पण कड एकसारखी वळवलेली. आत चार दाणे चिकटलेले.

"कोंबड्या पानी पित्यात हिच्यात," ते म्हणाले. "तुझीच हाय. उकिरड्यावरून आनली व्हती. यातली घे हातभर."

नानांनी ती मांडीवर घेतली. अंगठा कडेवरून फिरवला. गंज कमी असलेला हातभर तुकडा त्यांनी खूण करून दिला, सोमनाथने कापला. वाळूने घासला. डाग द्यायची वेळ आली तेव्हा नानांचा हात हलायला लागला. कचरूभाऊंनी काही न बोलता त्यांचं मनगट धरलं. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून तो डाग दिला. सांधा काही फार देखणा झाला नाही.

मुरमुरे नाना विसरले होते. खिसे चाचपू लागले, तेव्हा भागाबाई घरात गेली आणि सूपभर घेऊन आली. एवढे कशाला, म्हणून सोमनाथ हसला. त्याने वर एक ठेवला, तांब्या ओतला. नाना पन्हळीखालून चालायला लागले, पण दोन पावलं टाकून थांबले. पुढे होईना त्यांच्याने. दुसऱ्या टोकाला कचरूभाऊ पाइपाखाली ओंजळ धरून उभे होते.

"आला का?" नानांनी विचारलं.

कचरूभाऊ पाइपाच्या तोंडाकडे बघत होते.

"कचरू, आला का?"

सोमनाथने दुसरा तांब्या ओतला. पाइपातून पाणी आलं, ओंजळ भरली, ओसंडली. कचरूभाऊंनी ओंजळीत पाहिलं, बोटाने मुरमुरा उचलला आणि तोंडात टाकला.

"आला रे, दगू," ते म्हणाले. "ये हिकडं."

शेवटची जीप लवकर होती म्हणून मी निघाले. शेडच्या पाण्याचा चर खणायला सोमनाथने कुदळ घेतली होती. पुढच्याच वर्षी नाना गेले, मला उशिरा कळलं, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. जीप वळताना मागे बघितलं, तर दोघे भाऊ घराच्या त्या हातभर बाहेर आलेल्या भिंतीशी उभे होते. नाना मान वर करून तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा तळहात भिंतीवर होता.